गणपतीची चिठ्ठी

एजन्सीच्या बाजूने आलेल्या हर्षवर्धनने टेबलावर एकेक करून अकरा कागद मांडले आणि अगदी नम्रपणे मला म्हणाला, "मॅडम, प्लीज बघून घ्या. अक्षर तुमच्या क्लायंटचंच आहे ना?"

अक्षर माझ्या क्लायंटचंच होतं. दर्शना घाडीचं गोल, टपोरं अक्षर मी महिनाभर बघत होते. अकरा वर्षांचे अकरा कागद, आणि प्रत्येकावर शब्दनशब्द तोच मजकूर: 'मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे. माझी एजन्सीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.' खाली तारीख आणि सही.

समोर कामगार आयुक्तालयातले अधिकारी बसले होते. दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवायचा हे त्यांचं काम. दिवसातून अशा पंधरा बैठका घेऊन बिचारे कंटाळलेले असतात. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दर्शनाकडे पाहिलं. ती त्या कागदांकडे कौतुकाने बघत होती. खरंच सांगते, कौतुकाने! शाळेतली जुनी वही सापडावी तशी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कशीबशी पुढची तारीख मागून घेतली आणि तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

प्रकरण तसं साधं होतं. दर्शना लोअर परळच्या एका टॉवरमध्ये, तेविसाव्या मजल्यावरच्या परदेशी कंपनीची पँट्री सांभाळायची. अकरा वर्षं. कोणाला बिनसाखरेचा, कोणाला आल्याचा, कोणाला दूध वेगळं, हे तिला तोंडपाठ. पण नोकरी कंपनीची नाही, मधल्या एजन्सीची. मे महिन्यात चहा-कॉफीचं मशीन आलं आणि एजन्सीने हिला 'उद्यापासून येऊ नका' असं फोनवर सांगितलं. सलग दोनशे चाळीस दिवस भरलेल्या कामगाराला असं फोनवरून उठवता येत नाही. आणि हिची तर अकरा वर्षं झालेली. असं प्रकरण हातात आलं की आम्ही वकील मनातल्या मनात मांडे खातो. दर्शनाला दुसरं काही नको होतं. तिचं एकच म्हणणं होतं, "मॅडम, माझी पँट्री मला परत मिळवून द्या."

आणि आता हे अकरा राजीनामे. एजन्सीच्या हिशोबाने दर्शनाची नोकरी अकरा वर्षांची नव्हतीच. दर वर्षी संपलेली आणि दर वर्षी नव्याने सुरू झालेली. शेवटची तर दोनशे चाळिसाला अकरा दिवस कमी असतानाच संपवलेली.

"हे काय आहे?" कॉरिडॉरमध्ये मी ओरडले.

"ती गणपतीची चिठ्ठी हो, मॅडम."

"कसली गणपतीची चिठ्ठी? हा राजीनामा आहे!"

"लिहिलंय तसं, पण राजीनामा नाय तो. एजन्सी गणपतीला रजा देत नाय ना. मग आपण हे लिहून द्यायचं, गावी जायचं, आणि परत आलं की फॉर्म भरून कामाला लागायचं. आम्ही गावच्या सात जणी आहोत त्या टॉवरात, सगळ्या देतात. म्हणजे लिहिते मीच. माझं अक्षर बरं आहे ना, म्हणून. बाकीच्या सह्या करतात."

रागावले की मी अहो-जाहोवरून अगं-तुगंवर येते, ही माझी जुनी खोड. "अगं, महिनाभर माझ्यासमोर बसतेस, एकदा तरी बोललीस का हे?"

"तुम्ही विचारलंत, कधी राजीनामा दिला होता का. मी म्हटलं नाय." ती खरोखर बुचकळ्यात पडली होती. "मी कुठे दिला राजीनामा?"

मी कपाळाला हात लावला आणि जिना उतरले.

मी जुई मानकर. राहायला गिरगावात, वकिली तीस वर्षांची. त्यातली अठ्ठावीस मी मोठ्या कंपन्यांच्या बाजूने उभी राहिले, हे लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी ते सोडलं आणि काळाचौकीच्या एका चाळीत दर शनिवारी चार ते सात मोफत सल्ला द्यायला बसू लागले. खोली पाणवळ ग्रामस्थ मंडळाची. भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो, खुंटीला पखवाज, दाराजवळ गावच्या गाड्यांच्या बुकिंगची यादी. येणारे सगळे कोकणातले: वॉचमन, हाउसकीपिंगवाले, लिफ्टमन, आया. कागद कोणीही धड आणत नाही. सगळं सांगतात, पण जे महत्त्वाचं तेच सांगायचं राहतं. दर शनिवारी मी ठरवते की आज चिडायचं नाही, आणि साडेचारपर्यंत चिडलेली असते.

दुसऱ्या दिवशी त्या अकरा कागदांच्या झेरॉक्स घेऊन बसले. नुसत्या तारखा बघत होते. मग मोबाइलवर एकेका वर्षाची गणेश चतुर्थी काढली, आणि सरळ टेबलावर हात आपटला. प्रत्येक राजीनामा चतुर्थीच्या बरोबर दोन दिवस आधीचा! चतुर्थी ऑगस्टात आली की दर्शनाची घरगुती अडचण ऑगस्टात, सप्टेंबरात आली की सप्टेंबरात. अकरा वर्षं ही अडचण पंचांग बघून येत होती, आणि तीही एकाच मजकुरात, एकाच दिवशी, सात बायकांना. जगातला कुठला अधिकारी याला राजीनामा म्हणेल? हर्षवर्धनने मला बुडवायला जे कागद आणले तेच आता मी त्याच्यासमोर ठेवणार होते. फक्त एक गोष्ट हवी होती. हा मजकूर लिहायला कोणी सांगितला, ते दर्शनाने अधिकाऱ्यांसमोर बोलायला हवं होतं.

मी तिला फोन लावला. "पहिल्या वर्षी हा नमुना तुम्हाला कोणी दिला?"

"रघुवीरदादाने."

"हा कोण रघुवीरदादा?"

"कोण काय मॅडम? आपला रघुवीरदादा. तुम्हाला खोली उघडून देतो तो. टॉवरात सुपरवायझर आहे ना आमचा."

दोन वर्षं मी त्या माणसाच्या हातचा चहा पीत होते. मंडळाचा चिटणीस, छपन्न वर्षांचा, पांढऱ्या मिशीचा, कमी बोलणारा. मी खुर्चीत बसायच्या आधी खुर्ची पुसणारा. कुठेतरी सुपरवायझर आहे एवढंच मला ठाऊक होतं. कुठे, ते विचारावंसं मला कधी वाटलं नाही. दर्शनाला मी नावं ठेवत होते, पण न विचारण्यात मीही काही कमी नव्हते.

शनिवारी खोलीतली माणसं गेल्यावर मी दोघांना समोर बसवलं.

रघुवीरने आधी तिच्याकडे पाहिलं. "गो दर्शना, काय सांगितलंस तू बाईंका?"

"जा खरा ता सांगितलंय," ती खाली बघत म्हणाली.

"मग माझ्याशी बोला," मी म्हटलं. "अकरा वर्षं तुम्ही या बायकांकडून राजीनामे लिहून घेतलेत. गावच्या बायकांकडून! लाज नाही वाटली?"

त्याने राग मानला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, एजन्सी एक दिवस द्यायची. एका दिवसात पाणवळला पोचून आरतीसुद्धा होत नाय. पोरी रडायच्या. मी वरच्या साहेबाच्या पाया पडलो. साहेब म्हणाला, काम सोडतो असं लिहून द्या, आलात की परत घेतो. अकरा वर्षांत एकीलाही परत घेतलं नाय असं झालं नाय. बाकीच्या एजन्शीतली माणसं आमचा हेवा करतात. बारा दिवस मिळवून दिले मी."

"आणि मे महिन्यात हिला काढलं ते?"

"ते मशीन आलं म्हणून."

"मशीन आलं म्हणून नाही. काढता आलं म्हणून! तुमच्या त्या चिठ्ठीमुळे कागदावर हिची नोकरी आठ महिन्यांचीसुद्धा नव्हती. कळतंय का तुम्हाला?"

त्याने टेबलावरचे चहाचे रिकामे कप एकात एक घातले. कळत असावं. मग माझ्या डोक्यात आलं ते मी विचारलं, "तुम्ही स्वतः कसे जाता गणपतीला?"

उत्तर दर्शनाने दिलं. "दादाची चिठ्ठी पण मीच लिहिते."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. अठरा वर्षं सुपरवायझर, आणि कागदावर हाही गेल्या गणपतीनंतर लागलेला नवा माणूस. मी त्याला म्हटलं, तुम्ही पुढे या, दोघांचीही केस होईल, सातही जणींची होईल. तो हात जोडून उठला. "मॅडम, या वयात मला कोण ठेवणार? माझं नाव तिथे घेऊ नका. खोली तुमचीच आहे, ती कायम वापरा." त्याने धमकी दिली असती तर मला भांडता आलं असतं. हे असलं मला झेपत नाही.

पुढच्या बैठकीत मी तारखांचा तक्ता मांडला. अधिकारी पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसले. हर्षवर्धनचा चेहरा उतरला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. अधिकाऱ्यांनी दर्शनाला सरळ विचारलं, "बाई, हे तुम्हाला कोणी लिहायला सांगितलं?"

आदल्या दिवशी मी तिच्याकडून चार वेळा घोकून घेतलं होतं. रघुवीर सावंत, सुपरवायझर. चार शब्दसुद्धा नाहीत.

दर्शनाने पदर सारखा केला. "कोणी नाय, साहेब. मी माझ्या मनानेच लिहिलं."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. हर्षवर्धनने लगेच घसा साफ केला, कारण तो दुसरा प्रस्ताव तयार ठेवूनच आला होता. मशीनचा चहा मजल्यावर कोणालाच आवडेना, वरचे लोक दर्शनाची आठवण काढत होते, म्हणून एजन्सी मोठ्या मनाने तिला परत घ्यायला तयार होती. फक्त नवीन नेमणूक म्हणून. एक जुलैपासून.

"शक्य नाही!" मी म्हटलं. "अकरा वर्षं आहेत हिची."

"मॅडम," दर्शना माझ्या कानाशी लागली, "पँट्री तीच देणार का विचारा ना."

तीच देणार होते. तिने सही केली. कोर्टात गेलो असतो तर सात-आठ वर्षं गेली असती, हे मलाही माहीत होतं. तरी माझा नुसता जळफळाट होत होता. मी हट्टाने समझोत्यात एक ओळ घालून घेतली: यापुढे रजेसाठी राजीनामा घेतला जाणार नाही, रजेचा अर्ज घेऊन पोच दिली जाईल. हर्षवर्धन हो म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला, की तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर तोंडसुख घेतलं. अकरा वर्षं पाण्यात घातलीस, कोणासाठी, तर ज्याने बुडवलं त्याच्यासाठी. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, माझा सासरा गेला तेव्हा मुंबईहून गाडी करून दादाच आला होता. त्याने खांदा दिला. त्याचं नाव सरकारी माणसासमोर घेऊन मी गावात कुठल्या तोंडाने उभी राहू? तुम्ही बरोबर आहात. पण मी तिथली आहे ना."

मी रागारागाने टॅक्सी केली आणि टॅक्सीत बसून आकडे मांडले. एक जुलैपासून दोनशे चाळीस दिवस म्हणजे फेब्रुवारी संपत येईपर्यंत. त्याच रात्री मी तिला मेसेज टाकला: तोवर कसल्याही कागदावर सही करायची नाही. मला दाखवल्याशिवाय तर अजिबात नाही. तिच्याकडून जोडलेल्या हातांचं आणि अंगठ्याचं चित्र आलं.

ऑगस्टमध्ये मी तिला रजेचा अर्ज लिहून दिला. बारा दिवसांचा, कारणासकट, समझोत्याचा हवाला देऊन. तिने आपल्या अक्षरात उतरवला, दिला, पोचेचा शिक्का आणला. तो शिक्का बघून मी एवढी खूश झाले की मंडळाच्या खोलीत सगळ्यांना दाखवला. बघा, असं करायचं असतं!

आठ दिवसांनी एजन्सीचं उत्तर आलं. चतुर्थीची एक दिवसाची सुट्टी मंजूर. उरलेले दिवस कामाची निकड असल्याने नामंजूर. कायद्याच्या दृष्टीने त्यात खोट काढायला जागा नव्हती. रजा मागणं हा हक्क, ती केव्हा द्यायची हे त्यांच्या हातात, आणि दर्शना कागदावर दोन महिन्यांपूर्वी लागलेली नवी बाई. तिची जमा रजा होती किती?

बाकीच्या सहा जणींनी अर्जबिर्ज केलाच नाही. दर्शनाने चिठ्ठ्या लिहायला नकार दिला म्हणून यंदा कोणीतरी त्या टाइप करून आणल्या. मजकुरात रजेचा शब्द नव्हता, गणपतीचा नव्हता. सहा जणींनी आणि रघुवीरने सह्या केल्या आणि सामान बांधलं. मी हर्षवर्धनला फोन करून समझोत्याची आठवण दिली. तो म्हणाला, "मॅडम, पण यांनी तर पर्सनल रीझनने सोडलंय. कोणाची कंप्लेंट आहे का?" कोणाची असणार? सगळ्या खूश होत्या.

चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी दर्शना खोलीवर आली. मी एकटीच होते. तिने पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. सही केलेली नव्हती.

"मॅडम, यंदा माझ्या सुनेचा पहिला ओवसा आहे."

मी गिरगावची. ओवसा ऐकून माहीत होता, एवढंच. तिने समजावलं. लग्नानंतर नवी सून पहिल्यांदा गौरीला सुपं ओवसते, म्हणजे भरलेली सुपं तिच्यासमोर ओवाळते. त्यालाही गौर पूर्वा नक्षत्रात यावी लागते, ती दर वर्षी येत नाही. यंदा आली आहे. सुपात काय काय ठेवायचं, दोरा कसा गुंडाळायचा, कोणाच्या पाया आधी पडायचं, हे सासूने शेजारी उभं राहून दाखवायचं असतं. दर्शनाला तिच्या सासूने दाखवलं होतं. सासू अजून आहे, पण अंथरुणाला खिळलेली. श्रेयाचा, म्हणजे सुनेचा, जन्म डोंबिवलीचा. तिला यातलं काही ठाऊक नाही.

"दादा म्हणतो सही कर, आल्यावर तो घेणार. घेईल तो, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही नको म्हणाला होतात. तुम्ही सांगाल तसं करते."

दोन वर्षं त्या खोलीत बसून मला हे एकच वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. माझं ऐका रे, माझं ऐका, म्हणून मी घसा कोरडा केला होता. आता ते ऐकलं आणि मला ते परत घ्यायला सांगावंसं वाटलं. जा म्हणावं, सही कर आणि जा. पण मग जुलैपासूनचे दिवस गेले, समझोता गेला, आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा तोच फोन आला की मी कुठल्या तोंडाने भांडणार? मी जे सांगायला तिथे बसते तेच सांगितलं. सही करू नका. मी तिला पुन्हा सगळं समजावलं, अगदी सावकाश, अजिबात न चिडता. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

"बरं," ती म्हणाली आणि कागद फाडून टोपलीत टाकला.

गौरीपूजनाच्या दिवशी आमच्या घरी पंगत बसली होती. भावजय वाढत होती, खालच्या मजल्यावर कोणाची तरी आरती चालू होती. पहिला घास घेतला आणि दर्शनाचा फोन आला. मी पानावरून उठून गॅलरीत गेले.

"मॅडम, जेवत होतात का? मग नंतर करते."

"नाही, नाही. बोल. कुठे आहेस?"

"पँट्रीत. आज मजल्यावर पाचच माणसं आहेत. सगळी कॉफी पितात, मशीनवरची. मला काही काम नाय." मागे फ्रिजची घरघर ऐकू येत होती. "आत्ता झाला ओवसा. व्हिडिओवर दाखवला मला मुलाने. मी इथून ओरडून सांगत होते पण आवाज जात नव्हता. सुपं आधी माझ्या सासूच्या हातात द्यायची, तर पोरगी जाऊन शेजारणीला देऊन आली. नथ पण उलटी घातली होती तिने. मग रेंज गेली."

"सुंदर दिसत असेल," मी म्हटलं.

"हो, दिसत होती. मी दुसऱ्याच कामाला फोन केला मॅडम. मी एक विचारते. सकाळपासून मी नुसती बसून आहे. काही काम केलेलं नाय. तरी आजचा दिवस सर्व्हिसमध्ये धरणार ना ते?"

"धरणार," मी म्हटलं. "धरावाच लागेल त्यांना."

"मग बरं," ती म्हणाली. "तेवढंच विचारायचं होतं. जेवा तुम्ही."

तिने फोन ठेवला. आतून भावजय हाका मारत होती, पान गार होतंय म्हणून. मी गॅलरीत उभी राहिले. मला कोणावर तरी भयंकर ओरडायचं होतं, आणि कोणावर ते काही केल्या ठरेना.